चुकून लागलेलं घर

तेराव्याचे पाहुणे पांगले, मांडववाल्याने कापड उतरवून नेलं, भाड्याची पातेली परत गेली आणि नांदेडच्या त्या घरात मृण्मयी आणि तिचा चुलतभाऊ राघवेंद्र असे दोघंच उरले. तेव्हा कुठे राघवेंद्रने कपाटातून दवाखान्याची फाईल काढली आणि तिच्यापुढे ठेवली.

“ताई, मृत्यूच्या दाखल्यासाठी ही लागंल. काका लातूरला वारले, म्हणजे दाखला पण तिथूनच काढावा लागणार.”

तिने फाईल जवळ ओढली, पण उघडली नाही.

“आणखी एक विचारायचं होतं,” राघवेंद्र अवघडून म्हणाला. “इतके दिवस घर भरलेलं होतं म्हणून विचारलं न्हाई. काकांना बहीण होती का?”

“कुणाला?”

“काकांना. माझे बाबा न् काका, दोघंच भाऊ. मला तर आत्या असल्याचं कुणी कधी सांगितलं न्हाई. मग ही कोण?”

त्याने पान उघडून बोट ठेवलं. सोबतच्या नातेवाइकाचं नाव लिहायचा छापील रकाना होता. त्यात नर्सच्या घाईच्या अक्षरात लिहिलं होतं : रत्नम्मा शिवलिंग स्वामी. नाते : बहीण. खाली सही होती, गोल गोल कानडी अक्षरांत.

“मी पोचलो तेव्हा एक बाई होत्या तिथं,” राघवेंद्र सांगू लागला. “डोक्यावरून पदर घेतलेल्या. काकांचं घड्याळ, चष्मा, थैली सगळं माझ्या हातात दिलं. मला वाटलं, काका ज्यांच्या कार्यक्रमाला निघाले होते त्यांच्यातल्या असतील. ॲम्ब्युलन्सचं बघून येतो तर बाई गायब. ताई, तू वाईट वाटून घेऊ नको, पण काकूला जाऊन सहा वर्षं झाली, काकांच्या लातूरला चकरा...”

“राघव, काही तरी बोलू नकोस!” मृण्मयी म्हणाली, आणि तिला एकदम हसू आलं. बाबा गेल्यापासूनचं पहिलं हसू. राघवेंद्र तिच्याकडे बघतच राहिला, कारण हसता हसता तिचे डोळे भरून आले होते.

इतके दिवस तिला एकच गोष्ट आतून कुरतडत होती. दुपारी दोनला बाबांना बसस्टँडवरून कुणी तरी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि पाचच्या सुमाराला ते गेले. राघवेंद्र पोचला संध्याकाळी. तिला जर्मनीत कळलं तेव्हा सगळं संपलेलं होतं. मधल्या तीन तासांत परक्या गावात, परक्या खाटेवर बाबा एकटेच होते, असं ती धरून चालली होती. सांत्वनाला येणारे म्हणायचे, सुटले बिचारे, कुणाला त्रास दिला नाही. त्या वाक्यावर ती मान हलवायची आणि मनात म्हणायची, त्रास द्यायला जवळ कुणी नव्हतंच.

आणि आता हे नाव.

नांदेडला असताना मृण्मयीला चाळीसेक फोन नंबर तोंडपाठ होते. मैत्रिणींचे, मावशीचे, बँकेचे, सिलिंडरवाल्याचे. सहा आकडे, तीन जोड्या. म्हणताना पाढ्यासारखी लय लागायची. २००५ साली ती शिष्यवृत्तीवर लाइपझिगला गेली आणि विमानतळावरच्या तपासणीत कुणी ही विद्या काढून घ्यावी तसं झालं. तिथल्या नंबरांना मापच नव्हतं. एक सात आकडी, दुसरा दहा, तिसरा अकरा. जोड्या पाडायला जावं तर शेवटी एक आकडा उरायचा आणि नेमका तोच विसरायचा. घरमालकिणीचा, विभागाचा, खुद्द स्वतःचा, एकही नंबर डोक्यात टिकेना. नवे येईनात ते येईनात, जुनेही एकेक करून निघून गेले. घरचे सहा आकडे तेवढे राहिले. पण त्यांच्याआधी किती शून्यं, मग देशाचा आकडा, मग गावाचा कोड, त्यातलं कुठलं शून्य गाळायचं, इथे तिची गाडी अडायची.

बाबांना याची आधीच धास्ती होती. बापूसाहेब मुखेडकर, म्हणजे गावाचे मुखेडकर सर, शाळेत गणित शिकवायचे. ती निघायच्या महिनाभर आधी ते कसल्याशा प्रशिक्षणासाठी लातूरला गेले होते. तिथल्या भांड्यांच्या दुकानातून त्यांनी तिच्यासाठी स्टीलचा डबा घेतला. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत. बाबांनी नंबर घालून घेतला. कागद फाटतो, डायरी हरवते, भांडं कुठे जातंय? दुकानदाराला त्यांनी चिठ्ठीवर सहा आकडे लिहून दिले आणि सांगितलं, याच्याआधी भारताचा आकडा आणि गावाचा कोड टाका. दुकानदार दिवसभर लातूरकरांची भांडी कोरणारा माणूस. मशीन हातात घेतलं आणि सवयीने लातूरचा कोड घालून मोकळा झाला. नांदेडचा चोवीस बासष्ट, लातूरचा तेवीस ब्याऐंशी. पोरांचे पेपर दोन-दोनदा तपासणाऱ्या मुखेडकर सरांनी डबा मात्र तपासला नाही.

लाइपझिगला दुसऱ्याच महिन्यात तिची डायरी ट्रॅममध्ये राहिली. तेव्हा डबा बगलेत मारून ती फोनच्या बूथमध्ये शिरली, कार्ड घातलं आणि कोरलेले आकडे दाबले.

“हॅलो, आई?”

“कुणाची आई गं? कोण पायजे?”

“मुखेडकरांचं घर ना? नांदेड?”

“न्हाई माय. हे स्वामीचं घर हाय. लातूर.”

मृण्मयीला रडू फुटलं. तिकडची बाई म्हणाली, “रडू नको, रडण्यात कार्ड संपंल तुझं. नंबर वाच बघू. कुठं बघून वाचलालीस?”

“डब्यावर.”

“डब्यावर? अहो ऐकलं का, पोरगी डब्यावरचा नंबर वाचलालीय!”

पाठीमागून पुरुषाचा हसण्याचा आवाज आला. “भांडं आपल्या लातूरचं असंल म्हणावं. आकडे तेच ठेव, कोड नांदेडचा लाव. लागतंय का बघ, न्हाई तर परत आमच्याकडंच ये.”

लागला. पण गंमत अशी झाली की, तोवर डब्यावरचा नंबर तिच्या बोटांत बसला होता. अख्ख्या परदेशवासात पाठ झालेला तो एकच नंबर, आणि तोही चुकीचा. दर दोन-तीन आठवड्यांनी, घाईत असली की, तिच्याकडून लातूरच लागायचं.

“चुकलीस ना गं माय?” रत्नम्मा विचारायची. मग दोन मिनिटं बोलणं व्हायचं. नळाला पाणी किती दिवसांनी आलं, शिवलिंगअण्णांचा गुडघा कसा आहे, तिकडे बर्फ पडला का. फोन ठेवला की रत्नम्मा नांदेडला फोन लावायची, “तुमची लेक आता तुम्हाला लावंल, घरीच ऱ्हावा.” एका वर्षी रस्ता खोदताना तार तुटून नांदेडचा फोन तीन आठवडे मुका होता. त्या तीन आठवड्यांत आईचं रक्त तपासलं, अहवाल चांगला आला, हे तिला कळलं ते लातूरहून. बाबा मग एकदा मुद्दाम आभार मानायला गेले. एसटीच्या टपावर अर्धापुरी केळ्यांचा अख्खा घड टाकून. “मास्तर, एवढी केळी खायला आम्ही काय हत्ती पाळलाय का?” असं शिवलिंगअण्णा म्हणाले होते. बाबा ते कित्येक दिवस ज्याला त्याला सांगत होते.

पुढे मोबाइल आले. नंबर लक्षात ठेवायची गरज संपली आणि त्या गरजेबरोबर रत्नम्माही मागे पडली. मृण्मयीने तिला शेवटचा फोन केला त्याला बारा वर्षं होऊन गेली होती. शेवटचा आहे हे करताना ठाऊक नव्हतं, एवढंच काय ते तिच्या बाजूने म्हणता आलं असतं.

तिने राघवेंद्रला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मग नंबर? फाईलवर तर न्हाई.”

तिने मोबाइल उचलला. नवऱ्याचा नंबर तिला आजही पाठ नव्हता. पण बोटं न अडखळता फिरली. चार वेळा रिंग गेली.

“हॅलो, कोण बोललालंय?”

“मावशी, मी मृण्मयी. मुखेडकरांची.”

म्हातारा झालेला तो आवाज म्हणाला, “ये. तू येणार हे ठाऊक होतं मला. पण माय, आल्यावर मला बोल लावू नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसमध्ये बसली. लोहा, अहमदपूर, चाकूर. रस्त्याकडेला सोयाबीन काढणीला आलं होतं. बोल लावण्यासारखं त्या बाईने काय केलं असेल, याचा ती तीन तास विचार करत होती. डॉक्टरांना उशिरा बोलावलं असेल? मोठ्या दवाखान्यात न्यायला नको म्हणाली असेल? काही का असेना, ऐकून घ्यायचं, असं तिने ठरवलं. बाबा लातूरच्या स्टँडवर उतरले तिथेच तीही उतरली आणि दाखल्याचा अर्ज देऊन औसा रोडच्या बाजूच्या गल्लीत पत्ता विचारत पोचली.

घर दोन खोल्यांचं, स्वच्छ होतं. दारात शिवलिंगअण्णा खुर्ची टाकून बसले होते. त्यांना आता ऐकू कमी येत होतं. आत भिंतीशी एका छोट्या टेबलावर तो फोन होता.

“अजून आहे हा?” तिने विचारलं.

“नातवाचं इंटरनेट त्याच तारेवरून येतंय म्हणून ऱ्हायला,” रत्नम्मा म्हणाली. “न्हाई तर कवाच काढून टाकला असता. कोण करतंय त्याच्यावर फोन? लोन पायजे का विचारणाऱ्या पोरी, न् भाऊबिजेला तुझे बाबा.”

“बाबा करायचे?”

“दर वर्षी. दोन मिनिटं. तू काय करलालीस ते सांगायचे.”

रत्नम्मा खाली बसली. कपाळाला भस्माचे पुसट पट्टे, हातात हिरव्या बांगड्या. मृण्मयी तिला पहिल्यांदाच बघत होती. समोर बसून तिने सरळच विचारलं, “मावशी, तुम्ही तिथे कशा पोचलात?”

“दवाखान्यातल्या पोरीचा फोन आला. अडीच वाजले असतील. ‘मुखेडकर काकांचं घर का?’ म्हणली. न्हाई म्हणून तोंडापर्यंत आलं होतं. मग म्हणलं, हाव. घरच हाय, काय झालं?” रत्नम्माने पदर सारखा केला. “त्यांचा मोबाइल बंद पडला होता. पोरीनं विचारलं, काका, घरचा नंबर सांगा. त्यांनी सहा आकडे सांगितले. परत विचारलं, परत तेच सहा. तिला वाटलं, इथलेच हायत. तिनं लावला.”

मृण्मयी त्या फोनकडे बघत राहिली. नांदेडच्या घरातला फोन काढून टाकल्याला दहा वर्षं झाली होती. ते परभणीत पडले असते, हिंगोलीत पडले असते, तर त्याच सहा आकड्यांनी कुठल्या परक्या घरात रिंग वाजली असती, किंवा कुठेच नाही.

“मी रिक्षा करून गेले. नातं काय लिहू म्हणली ती पोरगी. आता काय सांगू? राँग नंबर लिही म्हणू का? म्हणलं, लिही, बहीण.”

“त्यांनी ओळखलं तुम्हाला?”

“तोंडावरून न्हाई. एकदाच तर बघितलं होतं, ते पण केळी आणली तवा. आवाजावरून वळखलं. ‘रत्नम्माबाई, तुम्ही कशा काय?’ म्हणले. म्हणलं, तुम्हीच बोलावलं की, सर.” ती किंचित हसली. “हसले गं. खरंच हसले. सलाइन चालू होती, डॉक्टर दोनदा येऊन गेले. चांगला होता डॉक्टर, त्याच्याकडून कसूर झाली न्हाई. पाय गार पडले होते, मी तळपाय चोळत बसले. त्या पोरीनं मोबाइल चार्जिंगला लावला होता, पण तो चालू झाला पार शेवटी, तवा कुठं तुझ्या भावाला फोन गेला.”

तळपाय चोळले. हसले. मृण्मयी ते शब्द एकेक करून आत ठेवत होती. पण रत्नम्मा हातातल्या बांगड्या मागेपुढे करत होती.

“मग बोल कशाबद्दल लावायचा, मावशी?”

रत्नम्माने आधी दाराकडे पाहिलं. शिवलिंगअण्णांची पाठ होती.

“ते सारखं विचारायले, मृण्मयीला फोन लागला का. म्हणलं, नंबर सांगा, लावते. तर सांगायला लागले. सात-आठ आकडे सांगितले न् थांबले. परत पहिल्यापासून. परत तिथंच थांबले. चार-पाच खेपा झालं असं. लई तळमळले गं.”

मृण्मयीने डोळे मिटले. तिचा जर्मनीतला नंबर पाठ करायचा बाबांनी ध्यास घेतला होता. रोज आंघोळीनंतर म्हणायचे, आठव्या आकड्याशी अडायचे आणि “पुढचं उद्या” म्हणून पोथीसारखा कागद मिटून ठेवायचे. आई हसायची. गणिताच्या मास्तरांना नंबर पाठ होत नाही, म्हणायची.

“मला बघवंना,” रत्नम्मा म्हणाली. “मी बाहेर गेले. दाराच्या मागं उभी ऱ्हायले थोडा वेळ. मग आत जाऊन म्हणलं, लागला.”

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“म्हणलं, लागला फोन. लेक निघाली. तिकीट भेटलं, विमानात बसली.” रत्नम्माचा आवाज चिरकला. “माझ्याकडं कुठला आला तुझा नंबर? शपथ घेऊन सांगते, जाणाऱ्या माणसाजवळ बसून मी धडधडीत खोटं बोलले. म्हणून तुझा भाऊ आल्यावर थांबले न्हाई. त्यानं विचारलं असतं, काय काय बोलले काका, तर काय सांगितलं असतं? तवापासून हे घरात कुणाला बोलले न्हाई. ह्यांना पण न्हाई.”

“त्यांनी काय म्हटलं? तुम्ही असं सांगितल्यावर?”

“कोण, सर?”

“हो. जसं म्हटलं तसं सांगा.”

रत्नम्मा आठवू लागली. घाईत काही जास्तीचं मिसळू नये, म्हणून ती जपून बोलत होती, हे मृण्मयीला दिसत होतं.

“आधी म्हणले, एवढ्या लवकर तिकीट भेटलं? म्हणलं, भेटलं. खिडकीची जागा भेटली. मग म्हणले, जेवली का ती? म्हणलं, हाव, जेवली. ‘बरं’ म्हणले. तळमळ थांबली. डोळे मिटून पडले, मी पाय चोळत होते. पाचला दहा कमी असताना पोरगी नाडी बघायला आली, तवा...” तिने हाताने वाक्य पुरं केलं.

बाहेर शिवलिंगअण्णा कुणाला तरी मोठ्याने रामराम घालत होते. रत्नम्मा खाली मान घालून बसली होती, निकाल ऐकायला आलेल्या माणसासारखी.

मृण्मयी पुस्तकांत वाढलेली बाई. शब्द तिच्याजवळ कधी कमी नसायचे. बसमध्ये तिने काही वाक्यं जुळवूनही ठेवली होती. आभाराची, जरा औपचारिक. ती तिने बाजूला ठेवली. ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तिथे लेकीने असायला हवं होतं, त्याचं उत्तर या बाईने दिलं होतं, लेकीच्या वतीने, आणि वर त्याचं पाप स्वतःच्या माथी घेऊन दोन आठवडे गप्प राहिली होती. मृण्मयी सरकून तिच्याजवळ गेली. तिचे दोन्ही हात हातात घेतले. खडबडीत, उबदार हात होते. बाबांच्या तळपायांना शेवटी हे लागले होते.

“मावशी,” ती म्हणाली, “जेवायला वाढता? सकाळपासून पोटात काही नाही.”

रत्नम्माने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग डोळे पदराने पुसत, गुडघ्यावर हात टेकून उठली.

“काहीच न्हाई खाल्लं? आधी सांगायचं न्हाई व्हय! नुसती बोलत बसलीस.” आत जाता जाता तिने दाराकडे तोंड करून हाक दिली, “अहो, भाकरी टाकते. ताट घ्या.”

“आँ? कुणाला?” बाहेरून अण्णा ओरडले.

“लेकीला!”

ज्वारीची ऊन भाकरी, आंबट वरण, शेंगदाण्याची चटणी. बाबा गेल्यापासून मृण्मयी पुढ्यात येईल ते चिवडून ताट बाजूला करत आली होती. राघवेंद्रच्या बायकोने रागावून पाहिलं होतं, समजावून पाहिलं होतं. आज ती मांडी घालून बसली आणि खाली मान घालून जेवली. भाकरी संपली तशी रत्नम्मा दुसरी घेऊन आली.

“अर्धी वाढू?”

“सगळी वाढा,” मृण्मयी म्हणाली.